यकृतांतील पहारेकरी आणि बुरशीचें विष

शरीरांतील पेशींना वाढण्याची शक्ति असते, तशीच वेळीं थांबण्याची शिस्तहि असते. यकृतांत ही शिस्त विशेष स्पष्ट दिसते. शस्त्रक्रियेनें यकृताचा मोठा भाग काढला, तरी उरलेल्या पेशी विभागूं लागतात आणि झीज भरून आली कीं आपोआप थांबतात. हें थांबणें बिघडलें म्हणजे कर्करोगाला वाट मोकळी होते.

पेशींना थांबविणाऱ्या जनुकांपैकीं एकाचें नांव पी-५३. जनुक म्हणजे डीएनए या द्रव्यांत चार रासायनिक अक्षरांनीं लिहिलेली आज्ञा. तीन अक्षरांचा एक शब्द होतो, आणि अशा शब्दांच्या क्रमाबरहुकूम पेशी प्रथिन घडविते. पी-५३ चें प्रथिन १९७९ सालीं सांपडलें. आरंभीं तें कर्करोगास साह्य करणारें मानलें गेलें. १९८९ च्या सुमारास मात्र तें कर्करोगाचें वैरी आहे असें सिद्ध झालें. डीएनएला इजा झाली कीं हा पहारेकरी विभाजन रोखतो, दुरुस्तीस अवसर देतो आणि दुरुस्ती अशक्य असेल तर त्या पेशीचा अंत घडवून आणतो.

या पहारेकऱ्यास निकामी करणारें एक विष धान्यांत वाढतें. १९६० सालीं इंग्लंडांत एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अकस्मात् मेले. शोध घेतां त्यांच्या खाद्यांतील भुईमुगाच्या पेंडींत बुरशीनें निर्माण केलेलें विष आढळलें. त्यास पुढें अफ्लाटॉक्सिन हें नांव मिळालें. नीट न वाळविलेल्या मक्यावर व भुईमुगावर, उष्ण आणि दमट हवेंत, ही बुरशी फोफावते. विषें निकामी करणें हें यकृताचें काम. परंतु या विषावर क्रिया करतांना यकृतच त्याला अधिक जहाल रूप देतें, आणि तें रूप डीएनएमधील ग्वानिन या अक्षरास चिकटतें.

चीनमध्यें यांगत्सी नदीच्या मुखाजवळील चिदोंग येथें यकृताचा कर्करोग फार आढळे, आणि तेथील आहारांत मका मोठ्या प्रमाणावर असे. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत तेथील १६ गांठी तपासल्या होत्या. त्यांपैकीं ८ गांठींत पी-५३ च्या २४९ व्या शब्दांत एकच अक्षर बदललेलें दिसलें : त्यांतील ७ गांठींत ग्वानिनच्या जागीं थायमिन. आफ्रिकेच्या दक्षिण भागांतील रुग्णांतहि हाच बदल त्याच वर्षीं नोंदला गेला. या बदलानें प्रथिनाच्या ३९३ घटकांपैकीं एकच घटक पालटतो; पण डीएनएवर नेमकी पकड घेण्याचें प्रथिनाचें सामर्थ्य तेवढ्यानें जातें.

एका अक्षरानें कर्करोग होत नाहीं. त्यासाठीं अनेक बिघाड वर्षानुवर्षें सांचावे लागतात. ‘बी’ जातीच्या काविळीचा विषाणु यकृतांत ठाण मांडून बसला असेल, तर या विषाचा धोका कित्येक पटींनीं वाढतो.

तथापि हा धोका टाळतां येतो. चिदोंगमध्यें १९८० नंतरच्या काळांत मक्याची जागा तांदुळानें घेतली, लोकांच्या रक्तांतील विषाची खूण घटली आणि पुढें यकृताच्या कर्करोगाचें प्रमाणहि उतरलें. काविळीच्या या विषाणूवर लस आहे. ती अर्भकांना जन्मतःच देतां येते. भाजल्यानें वा शिजविल्यानें अफ्लाटॉक्सिन पुरतें नाहींसें होत नाहीं. म्हणून शेंगदाणे निवडतांना बुरसलेले, काळवंडलेले, सुरकुतलेले दाणे निःशंकपणें टाकावे आणि उरलेले कोरड्या डब्यांत ठेवावे. पेशींतील पहारेकऱ्याचें रक्षण सुपांतल्या निवडीपासूनच सुरू होतें.