बँकेने कार्ड बंद केलं, आता काय करायचं?

समजा, माजलगावातल्या एका घरात अम्मींच्या मोबाइलवर बँकेचा मेसेज येतो. ‘सुरक्षेच्या कारणास्तव आपले कार्ड बंद करण्यात आले आहे. नवीन कार्ड पाठवत आहोत.’ घरात लगेच घबराट. खात्यातले पैसे गेले का? आपल्या हातून काही चूक झाली का? तासाभराने फोन येतो, “बँकेतून बोलतोय अम्मी, नवीन कार्ड चालू करायचंय, आलेला ओटीपी सांगा.” अम्मी ओटीपी सांगतात आणि घात होतो तो इथे. मेसेज बँकेचा होता, फोन चोराचा.

बँकेने स्वतःहून कार्ड बदलणे ही कुलूप बदलण्यासारखी गोष्ट आहे. कुणीतरी चावीचा ठसा घेतला असावा असा संशय आला, म्हणून बँक आधीच कुलूप बदलते. याचा अर्थ चोरी झालीच असा नाही आणि चूक तुमची असाही नाही. पण कुलूप बदलण्याच्या त्या आठ-दहा दिवसांत घरच्यांनी सावध राहावं लागतं.

असं का होतं?

ऑक्टोबर २०१६ मध्ये देशातल्या सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांची माहिती बाहेर गेल्याचा संशय आला होता. एटीएमचे व्यवहार सांभाळणाऱ्या एका कंपनीच्या यंत्रणेत घातक सॉफ्टवेअर शिरले होते. एकट्या स्टेट बँकेने सुमारे ६ लाख कार्डे बंद करून ग्राहकांना नवीन दिली. पण प्रत्यक्ष फसवणुकीच्या तक्रारी आल्या त्या ६४१ ग्राहकांच्या, रक्कम सुमारे १ कोटी ३० लाख रुपये. म्हणजे ज्यांची कार्डे बदलली त्यांतल्या बहुतेकांचा एक रुपयाही गेला नव्हता.

आपल्या राज्यातलं उदाहरण पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं. ऑगस्ट २०१८ मध्ये या बँकेच्या यंत्रणेवर हल्ला झाला. बनावट कार्डे वापरून २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. एकूण ९४ कोटींहून अधिक रक्कम गेली. हा फटका बँकेला बसला, खातेदारांच्या खात्यांतून ती रक्कम वजा झाली नाही. या दोन्ही प्रकरणांत सामान्य खातेदाराने कुणाला पिन सांगितला नव्हता, तरी धोका निर्माण झाला होता.

मेसेज खरा की खोटा?

नुसता मेसेज वाचून ते कळत नाही. चोरही अगदी तशीच भाषा लिहितात. म्हणून साधा नियम ठेवा: आलेल्या फोनवर बोलायचं नाही, आलेल्या लिंकवर बोट लावायचं नाही, आपणच बँकेला फोन करायचा. नंबर कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर छापलेला असतो, तोच लावा. गुगलवर शोधलेला नंबर नको, तिथे खोटे नंबरही असतात. शाखा जवळ असेल तर पासबुक घेऊन सरळ जा.

बँकेचा कर्मचारी ओटीपी, पिन किंवा कार्डामागचे तीन आकडे कधीच विचारत नाही. जुनं कार्ड न्यायला कुणाला घरीही पाठवत नाही. बंद झालेलं कार्ड स्वतःच चिप आणि मागच्या काळ्या पट्टीवरून कापून टाका.

नवीन कार्ड येईपर्यंत

डेबिट कार्ड बंद झालं म्हणून खातं बंद होत नाही. शाखेत स्लिप भरून पैसे काढता येतात. आधार जोडलेलं असेल तर गावातल्या बँक मित्राकडे अंगठा लावूनही मिळतात. मोबाइलवरचं यूपीआय खात्याला जोडलेलं असतं, त्यामुळे ते चालू राहतं. मात्र रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलं असेल तर नवीन कार्ड पुन्हा जोडावं लागतं.

पत्ता आणि मोबाइल नंबर हे दोन मुद्दे आपल्या जिल्ह्यात फार अडचणीचे ठरतात. इथली हजारो कुटुंबं दर हंगामात ऊसतोडीला जातात. कार्डाचं पाकीट येतं तेव्हा घराला कुलूप असतं आणि पाकीट परत जातं. अशा वेळी कार्ड शाखेतूनच घेता येईल का, हे आधी विचारून ठेवा. दुसरं, खात्याला जोडलेला नंबर पुष्कळदा आखातात गेलेल्या मुलाचा, नाहीतर कधीच बंद पडलेल्या सिमचा असतो. पैसे गेल्याचा मेसेज मग घरच्यांना कळतच नाही. आज हातातलं काम बाजूला ठेवा, पण खात्याला कोणता नंबर आहे ते बघा.

कार्ड हातात आल्यावर पिन स्वतः ठेवा. नवीन कार्डावर ऑनलाइन खरेदी, टॅप करून पैसे देणे आणि परदेशातले व्यवहार सुरुवातीला बंद असतात, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कार्ड ऑनलाइन चाललं नाही तर ते खराब आहे असं समजू नका. बँकेच्या अॅपमधून किंवा शाखेतून हवी तेवढीच सोय चालू करा. जी लागत नाही ती बंदच राहू द्या.

क्रेडिट कार्डवाल्यांनी हे बघा

आपल्यातले बरेच जण क्रेडिट कार्ड वापरतात, पण व्याज लागू नये म्हणून बिल तारखेच्या आत पूर्ण भरतात. कार्ड बदललं तरी जुनं बिल माफ होत नाही, तारीखही पुढे जात नाही. नंबर बदलल्यामुळे पैसे कोणत्या नंबरवर भरायचे हे बँकेला विचारा आणि भरल्याची पावती जपा. वीज, मोबाइल, विमा यांचे हप्ते जुन्या कार्डावरून आपोआप जात असतील तर ते नवीन कार्डावर पुन्हा लावून घ्या. विम्याचा हप्ता चुकला आणि पॉलिसी बंद पडली, असं व्हायला नको. बिलाच्या तारखेनंतर तीन दिवसांपर्यंत बँकेला उशिराचा दंड लावता येत नाही. पण त्या भरवशावर राहू नका, कारण व्याजाचा हिशेब वेगळा असतो.

पैसे गेलेच तर दिवस मोजा

रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक ग्राहकाच्या बाजूचे आहे, पण ते वेळेला बांधलेले आहे.

• चूक बँकेची असेल तर ग्राहकावर एक रुपयाचाही बोजा नाही.
• चूक बँकेचीही नाही, तुमचीही नाही, मधल्या यंत्रणेतून माहिती फुटली, तर बँकेचा मेसेज मिळाल्यापासून कामाच्या ३ दिवसांत कळवा. पूर्ण रक्कम परत मिळायला हवी. मेसेज आला तो दिवस यात धरत नाहीत.
• ४ ते ७ दिवसांत कळवलं तर नुकसान तुमच्यावर येतं, पण मर्यादेत. साध्या बचत खात्याला आणि ५ लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डाला १० हजार रुपये, मूलभूत बचत खात्याला ५ हजार. जनधन खाती याच प्रकारात येतात.
• ७ दिवसांनंतर बँकेचं स्वतःचं धोरण चालतं.
• ओटीपी किंवा पिन तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून शरमेने गप्प बसू नका. प्रत्येक मिनिट महागात पडतो.

तक्रार मिळाल्यापासून कामाच्या १० दिवसांत बँकेने तेवढी रक्कम खात्यात दाखवायची आणि ९० दिवसांत निकाल लावायचा. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारीही बँकेवरच आहे.

आधी बँकेला फोन करून कार्ड बंद करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. लगेच १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर कळवा, पैसे पुढच्या खात्यात अडवले जाण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते. शाखेत लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर शिक्का घ्या. “साहेब नाहीत, उद्या या,” असं सांगितलं तरी अर्ज दिल्याशिवाय परत येऊ नका, कारण वेळेत कळवल्याचा पुरावा म्हणून तो शिक्का कामी येतो. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते. त्याची माहिती १४४४८ या नंबरवर मिळते.

आज रात्री जेवताना घरात हा विषय काढा. अम्मी-अब्बांना, नानी-दादींना सांगा: कार्ड बंद झालं तर घाबरायचं कारण नाही, फोनवर कुणालाही आकडे सांगायचे नाहीत आणि काही झालं तर आधी घरात सांगायचं. आपल्याला कुणी रागावणार नाही हा भरवसा असेल तरच घरातली मोठी माणसं वेळेत बोलतात.