तळहातावर मावणारा राजा

इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स म्हटले की व्हॅन डाइकची भव्य चित्रे आठवतात: उमदा घोडा, चिलखत, मागे झाडी. पण या राजाच्या पदरी जॉन हॉस्किन्स नावाचा लघुचित्रकारही होता. वासराच्या कातड्याचा पातळ तुकडा खेळातल्या पत्त्यावर चिकटवायचा आणि खारीच्या केसांच्या कुंचल्याने त्यावर जलरंग भरायचे, असे हे नाजूक काम. थोरले चित्र समोर ठेवून हॉस्किन्स पुष्कळदा त्याची छोटी प्रत उतरवी. १६४० साली राजाने त्याला वर्षाला २०० पौंडांची नेमणूक करून दिली. खजिना तेव्हा रिकामा होता, ही गोष्ट वेगळी.

चार्ल्स ठेंगणा होता, बोलताना अडखळे. लघुचित्रात उंचीचा प्रश्नच येत नाही; दिसतो तो टोकदार दाढीचा, शांत, किंचित खिन्न चेहरा. कारभारात मात्र या शांतपणाचा मागमूस नाही. १६२५ मध्ये गादीवर येताच त्याने फ्रान्सच्या कॅथलिक राजकन्येशी लग्न केले आणि प्रॉटेस्टंट प्रजेच्या मनात शंका आली. राजसत्ता ईश्वराने दिलेली, अशी त्याची श्रद्धा. त्यामुळे पैशासाठी पार्लमेंटपुढे हात पसरणे त्याला जड जाई. १६२९ पासून अकरा वर्षे त्याने पार्लमेंट भरवलेच नाही. संकटकाळी किनाऱ्यावरच्या गावांनी आरमारासाठी द्यायचा कर त्याने शांततेच्या दिवसांत साऱ्या देशावर बसवला. १६३७ मध्ये स्कॉटलंडवर नवे प्रार्थनापुस्तक लादले. तिथे बंड पेटले, ते मोडायला पैसा हवा, म्हणून १६४० मध्ये पार्लमेंट बोलवावेच लागले. पुढची चूक तर अक्षम्य: ४ जानेवारी १६४२ रोजी तो सशस्त्र माणसे घेऊन पाच सभासदांना पकडायला कॉमन्स सभागृहात गेला. पाचही आधीच निसटले होते. ऑगस्टमध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी सुरू झाली आणि जून १६४५ मध्ये नेझबीच्या लढाईत त्याच्या फौजेचा कणा मोडला.

राज्य राखता आले नाही, तरी चित्रांची पारख त्याला अव्वल होती. त्याच्या संग्रहाचा रखवालदार व्हान डेर डोर्ट याने १६४० मध्ये आत्महत्या केली; राजाने जपायला सांगितलेले एक लघुचित्र सापडेना म्हणून, असे सांगतात. ते नंतर मिळाले.

३० जानेवारी १६४९ रोजी लंडनमध्ये बँक्वेटिंग हाउससमोर यादवीत हरलेल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला. थंडीची थरथर लोकांना भीती वाटू नये म्हणून त्याने दोन सदरे घातले होते. याच बँक्वेटिंग हाउसचे छत त्याने चित्रकार रुबेन्सकडून रंगवून घेतले होते. त्याचा चित्रसंग्रह विक्रीला निघाला. पण त्याच्या चिमुकल्या तसबिरींचे मोल वाढले. राजनिष्ठ मंडळी त्या अंगठीत, गळ्यातल्या पदकात बाळगू लागली. काही अंगठ्यांना वर झाकण असे, कारण राजाचा चेहरा उघड मिरवणे धोक्याचे होते.

हॉस्किन्सचा भाचा सॅम्युअल कूपर याने मात्र पार्लमेंटचा विजेता सेनानी क्रॉमवेल याचे लघुचित्र काढले, चेहऱ्यावरच्या चामखिळीसकट. राजेशाही परतल्यावर दुसऱ्या चार्ल्सने, म्हणजे मुंबई ज्याला लग्नात आंदण मिळाली त्या राजाने, १६६३ मध्ये याच कूपरला दरबारी लघुचित्रकार नेमले.