पिकअपचे चाक : जमीन, भार आणि मापे

जालना जिल्ह्यातील भोकरदन म्हणजे केळणा नदीकाठचे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहूत येथील दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांचा उल्लेख येतो, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही येथील माणसे लांबचा पल्ला गाठत होती. आज तालुक्यातील मिरची, कापूस, मका आणि सोयाबीन शिवारातून बाजारापर्यंत नेण्याचे काम बरेचसे पिकअप गाड्या करतात. कंपनीने दिलेली चाके उतरवून बाजारातील दुसरी बसवण्याची हौस या गाड्यांच्या मालकांनाही असते आणि ती बहुधा रूप पाहून भागवली जाते. वास्तविक चाकाची निवड जमीन, भार आणि मापे यांवरून व्हावी. रूपाला त्यानंतर जागा उरली तर उरली.

दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनलेल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट वर्गातील चिकणखनिजे भरपूर असतात. पाणी शोषून ती फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. ओली असताना ती टायरच्या नक्षीत, चाकाच्या आतल्या अंगाला आणि मडगार्डच्या पोकळीत थरांनी साचते. मात्र सगळे शिवार सारखे नसते. अजिंठ्याच्या डोंगररांगेकडे मातीचा थर पातळ होतो आणि मुरूम लवकर लागतो. पूर्णा नदीच्या काठी माती खोल असते. मुरमाच्या पट्ट्यात अरुंद टायर चिखल कापून कठीण थरावर टेकतो आणि पकड मिळवतो. खोल काळ्या रानात टेकायला तळच नसतो. तेथे रुंद टायर आणि कमी केलेली हवा उपयोगी पडते. ‘चाक जितके रुंद तितके चांगले’ हा समज म्हणूनच अर्धवट आहे.

बैलगाडीचे चाक तुंबा, आरे, पाटे आणि त्यांवर तापवून चढवलेली लोखंडी धाव अशा भागांचे असे. धाव थंड होताना आकसे आणि सारे सांधे आवळून धरी. मोटारीच्या चाकातही हीच मूळ विभागणी टिकून आहे. मध्यभागी गाडीला जखडणारी तबकडी आणि तिच्याभोवती टायर धरणारा घेर. पोलादी चाकात हे दोन भाग दाबयंत्रावर घडवून वितळजोडाने एकत्र केले जातात. मिश्रधातूच्या चाकात ते बहुधा एकाच ओतकामातून निघतात. १९२४ साली बुगाटी कंपनीने आपल्या ‘टाइप ३५’ शर्यतगाडीला ओतीव ॲल्युमिनियमची चाके बसवली, तेव्हापासून या प्रकाराला प्रतिष्ठा आली. आपल्या शेजारच्या वाळूजची एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीजही दुचाकींसाठी अशी चाके तयार करते.

ओतीव चाकांसाठी वापरला जाणारा प्रचलित मिश्रधातू ॲल्युमिनियमचा असून त्यात सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि अल्प मॅग्नेशियम असते. ही चाके बहुधा पोलादी चाकांपेक्षा हलकी असतात आणि ब्रेकची उष्णता लवकर बाहेर टाकतात. दोष दिसतो तो आघाताच्या वेळी. दगडावर आपटलेले पोलादी चाक, म्हणजे बोलीतली ‘लोखंडी डिस्क’, वाकते, ओतीव चाक मात्र तडकू शकते. वाकलेल्या डिस्कचा काठ गावातला कारागीर ठोकून निदान घरी पोहोचण्यापुरता सरळ करतो; तडकलेल्या चाकाला असा तात्पुरता उपाय नसतो आणि त्याला जोड मारून भार वाहणे धोक्याचे आहे. घडीव ॲल्युमिनियमची चाके अधिक चिवट, पण बरीच महाग असतात. जी गाडी आठवड्याचे सहा दिवस पोती वाहते, तिला चांगल्या प्रतीची पोलादी चाकेच शोभतात असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्यांच्या तबकडीतून चिखल सहज निघत नाही, ही त्यांची उणीव मान्य करूनही. आत वाळलेला चिखल चाकाचा तोल बिघडवतो आणि राजूरमार्गे जालन्याला निघालेल्या गाडीचे स्टिअरिंग थरथरू लागते. तेव्हा पाण्याचा फवारा आतल्या बाजूनेही मारावा.

मापांमध्ये पहिले बोल्टवर्तुळाचे, ज्याला दुकानात पीसीडी म्हणतात. विलीज जीपला पाच बोल्ट साडेपाच इंचांच्या म्हणजे १३९.७ मिलिमीटरच्या वर्तुळावर होते. टोयोटा हायलक्स आणि इसुझू व्ही-क्रॉस या पिकअपमध्ये वर्तुळ तेवढेच, पण बोल्ट सहा आहेत. या दोन गाड्यांची चाके परस्परांना चालतील असे वाटेल, तरी मधले छिद्र वेगळे आहे : हायलक्सचे सुमारे १०६ मिलिमीटर, इसुझूचे सुमारे १००. त्यामुळे इसुझूचे चाक हायलक्सच्या हबवर चढतच नाही. हायलक्सचे चाक इसुझूवर चढते, परंतु हबभोवती पोकळी राहते आणि चाक मध्यावर आणण्याचे काम एकट्या नटांवर पडते. नटाची बैठकही पाहावी. ती शंकूच्या, गोलाच्या किंवा सपाट आकाराची असते. विजोड नट घट्ट बसल्यासारखा वाटतो आणि पुढे ढिला होतो.

सर्वाधिक घोटाळा ऑफसेटमध्ये होतो. चाकाची मध्यरेषा आणि ते हबला टेकते तो पृष्ठभाग यांमधील अंतर म्हणजे ऑफसेट. टेकणारा पृष्ठभाग मध्यरेषेच्या बाहेरच्या अंगाला असेल तर ते धन, आतल्या अंगाला असेल तर ऋण. धन ३० मिलिमीटरचे चाक काढून शून्याचे बसवले, तर प्रत्येक चाक ३० मिलिमीटर बाहेर येते आणि दोन चाकांमधील रुंदी ६० मिलिमीटरने वाढते. गाडी दिसते दमदार. परंतु बेअरिंगवरचा ताण वाढतो, स्टिअरिंगला धक्के बसतात आणि मडगार्डबाहेर आलेले चाक चिखल थेट दारांवर उडवते. चाक फार आत घेतले तर ते वळताना स्प्रिंगला किंवा स्टिअरिंगच्या दांड्याला घासते.

घेराचा व्यास मोठा घेण्यात शेतरस्त्यावर फारसा लाभ नाही. टायरचा बाहेरचा व्यास तोच ठेवून घेर वाढवला की रबराची भिंत उतरते, आणि दगडाचा मार सोसते ती भिंतच. घेर किती लहान करता येईल हे ब्रेकच्या आकारावर ठरते. अगदी चिकटून बसलेल्या चाकात खडा अडकून घेर आतून खरवडला जातो. टायरची उंची वाढवतानाही हिशेब करावा. २१५/७५ आर १५ टायरचा व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर, तर २३५/७५ आर १५ चा सुमारे ७३३ असतो. आस जमिनीपासून जेमतेम १५ मिलिमीटर उचलला जातो, चाकावरील ओढ मात्र सुमारे ४ टक्क्यांनी घटते आणि मीटरवर ६० दिसत असताना गाडी ६२ च्या पुढे धावते.

भाराचा नियम सरळ आहे. आसावर येणाऱ्या कमाल भाराच्या निम्मा भार तरी प्रत्येक चाकाने पेलला पाहिजे. मागच्या आसाची मर्यादा १९०० किलो असेल, तर ९५० किलोपेक्षा कमी क्षमतेचे चाक दिसायला कितीही देखणे असले तरी नाकारावे. मिश्रधातूच्या चाकांसाठी आयएस १६१९२ हे भारतीय मानक आहे. त्याची खूण आणि भारक्षमता चाकावर कोरलेली पाहूनच पैसे द्यावेत. कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ विनिर्देशांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हेच ठामपणे सांगितले.

नवी चाके बसवताना नट समोरासमोरच्या क्रमाने, उत्पादकाने सांगितलेल्या पिळाइतकेच आवळावेत आणि पहिल्या शंभर किलोमीटरच्या आत पुन्हा तपासावेत. खरेदी चारची न करता पाचची करावी. निराळ्या व्यासाची जुनी स्टेपनी मागच्या आसावर चढवून लांब पल्ला गेल्यास दोन्ही बाजूंची चाके कमीजास्त फिरतात, आणि सरळ रस्त्यावरही डिफरन्शियलचे दाते सतत एकमेकांवर फिरत राहून झिजतात.