माकडताप : रुग्णाच्या पलीकडचे निदान

२०१६ सालच्या एप्रिल महिन्यातील गोष्ट. खानापूर तालुक्यातील एक दहा वर्षांचा मुलगा तापाने फणफणलेल्या अवस्थेत माझ्याकडे दाखल झाला. डोके आणि अंग विलक्षण दुखत होते, डोळे लाल झाले होते, रक्तातील पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स दोन्ही घटल्या होत्या. मलेरिया व डेंग्यूच्या चाचण्या नकारार्थी आल्या. तरीही हा डेंग्यूसारखाच एखादा विषाणुजन्य ताप असावा असे समजून मी उपचार चालू ठेवले. चौथ्या दिवशी हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तेव्हा त्याची आई घाबऱ्या स्वरात म्हणाली, "डॉक्टर, गोव्यात काजू वेचायला गेल्तो, त्या बागेत वानरं मरून पडल्याली की. त्यातलं काय लागलं नसंल न्हवं?"

जो प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारायला हवा होता, तो चौथ्या दिवशी एका निरक्षर मातेने मला विचारला. रक्ताचा नमुना पाठविला आणि निदान झाले : क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, अर्थात माकडताप. मुलगा सुदैवाने बरा झाला. परंतु त्या चार दिवसांत त्याच्या टोळीतील माणसे रोज त्याच बागेत जात राहिली आणि त्यांपैकी आणखी दोघे आजारी पडले. त्या वर्षी गोव्याच्या सत्तरी तालुक्यात काजूच्या कामाला गेलेल्या बेळगाव भागातील मजुरांमध्ये या रोगाची लागण झाल्याचे पुढे शास्त्रीय नियतकालिकातही नोंदले गेले. माझा रुग्ण त्या साखळीतील एक लहानसा दुवा होता.

या रोगाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १९५७ मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातील क्यासनूर जंगलाच्या परिसरात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसांना रक्तस्रावी ताप येऊ लागला. आशियात कधीही न आढळलेला पीतज्वर भारतात शिरला की काय, या शंकेने पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरचे पथक तेथे पोहोचले. १९५२ मध्ये स्थापन झालेली हीच संस्था आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. डॉ. टेलफर्ड वर्क आणि डॉ. हॅरल्ड ट्रॅपिडो यांच्या पथकाने हा पीतज्वर नसून गोचिडीमार्फत पसरणारा नवाच विषाणू असल्याचे दाखवून दिले. रशियातील मेंदूज्वराच्या विषाणूशी त्याचे नाते आढळले. मग तो स्थलांतरित पक्ष्यांबरोबर तर आला नसेल? ही शंका तपासण्याच्या निमित्ताने जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने डॉ. सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखाली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९ पासून पक्ष्यांच्या पायांत कडी अडकविण्याचे मोठे काम हाती घेतले. त्या शंकेला निर्णायक पुरावा मिळाला नाही; परंतु एका तापाचा माग काढताना वैद्य, कीटकशास्त्रज्ञ आणि पक्षिशास्त्रज्ञ एका वाटेवर आले, हे महत्त्वाचे.

रोगाची रीत समजली की या सहकार्याची गरज आपोआप पटते. 'हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा' ही जंगलातील गोचीड या विषाणूची मुख्य वाहक. तिची बाल्यावस्था लहान सस्तन प्राणी, पक्षी आणि माकडे यांच्या रक्तावर पोसली जाते. काळ्या तोंडाची वानरे आणि लाल तोंडाची माकडे या विषाणूने आजारी पडतात व मरतात. मेलेल्या माकडाच्या अंगावरील गोचिडी गळून आसपासच्या पाचोळ्यात पसरतात आणि ती जागा धोक्याची बनते. पावसाळ्यानंतर वाढू लागलेल्या खसखशीएवढ्या अर्धवाढ गोचिडी साधारणतः डिसेंबर ते मे या काळात माणसाला चावतात, आणि काजूचा हंगाम नेमका त्याच काळात येतो. गुरे या रोगाने आजारी पडत नाहीत. परंतु पूर्ण वाढलेल्या गोचिडी त्यांच्याच रक्तावर पोसल्या जाऊन त्यांची संख्या वाढते. माणूस हा या साखळीचा शेवट आहे; त्याच्यापासून दुसऱ्या माणसाला लागण होत नाही.

मग जंगलात चाललेले हे चक्र माणसापर्यंत का पोहोचले? याचे उत्तर जमिनीत आहे. कोलंबियाचे शास्त्रज्ञ डॉ. होर्हे बोशेल यांनी १९६९ मध्येच दाखवून दिले होते की, भातशेतीसाठी जंगल तोडले गेले, वस्ती आणि गुरे वाढली, जंगलाच्या कडेला झुडपे माजली आणि माणूस, गुरे, माकडे व गोचिडी एकाच पट्ट्यात आली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय-ब्रिटिश अभ्यासाने शिमोगा जिल्ह्यासंबंधी हेच आधुनिक पद्धतीने मांडले. जेथे सदाहरित जंगल आणि बागायती एकमेकांत मिसळलेल्या आहेत आणि देशी गुरांची संख्या मोठी आहे, तेथे धोका अधिक असतो. विशेष म्हणजे आरोग्य, पशुसंवर्धन व वन या तिन्ही खात्यांच्या लोकांना सोबत घेऊन हा अभ्यास झाला.

१९५७ नंतर कित्येक दशके हा रोग शिमोगा व आसपासच्या जिल्ह्यांपुरता राहिला. २०१२ पासून मात्र बंडीपूर, निलगिरी, वायनाड, २०१५ मध्ये गोव्याची सत्तरी आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग अशी त्याची वाटचाल दिसून आली. यावर खास औषध नाही. मृत्यूचे प्रमाण ३ ते ५ टक्के आहे. १९९० पासून दिली जाणारी लस परिणामकारकता अपुरी ठरल्याने २०२२ मध्ये थांबविण्यात आली. म्हणजे आज आपल्या हाती उरते ते वेळीच ओळखणे आणि गोचिडीपासून बचाव करणे.

आणि वेळीच ओळखण्याची पहिली खूण दवाखान्यात नसते, ती बागेत असते. मेलेले माकड हे या साथीचे पहिले निदान आहे. ते वनरक्षकाला दिसते, गुराख्याला दिसते, काजू वेचणाऱ्या बाईला दिसते, आपल्याला नाही. वन खात्याला कळविल्यास चौकशीचा ससेमिरा लागेल या भीतीने पुष्कळदा ते गुपचूप पुरलेही जाते. पशुवैद्यक, वनाधिकारी आणि आपण यांची ओळखच नसेल तर ही बातमी आपल्यापर्यंत रुग्णाच्याच रूपाने येते, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. मानव, पशू आणि वनस्पती यांचे आरोग्य एकच मानणाऱ्या 'एक आरोग्य' या विचाराला आता राष्ट्रीय मान्यता आहे. नागपूर येथे २०२२ च्या डिसेंबरात राष्ट्रीय एक आरोग्य संस्थेची पायाभरणीही झाली. परंतु सत्तरीच्या एखाद्या काजूबागेपर्यंत हा विचार पोहोचायचा, तर तो तालुक्याच्या पातळीवर माणसांनीच न्यायला हवा.

म्हणून आपल्या संघटनेपुढे माझी एक नम्र सूचना आहे. दरवर्षी नोव्हेंबरात, हंगामापूर्वी, आपण परिसरातील पशुवैद्यक व वनाधिकाऱ्यांसमवेत एक बैठक घ्यावी आणि एकमेकांचे दूरध्वनी क्रमांक तेवढे लिहून घ्यावेत. मजुरांच्या टोळ्या निघण्यापूर्वी त्यांना अंग झाकणारे कपडे, गोचीड-प्रतिबंधक तेल, कामावरून आल्यावर कढत पाण्याने अंघोळ आणि मेलेल्या माकडाला हात न लावता खबर देणे, एवढे समजावून सांगावे. जंगलात जाऊ नका असे त्यांना सांगण्यात अर्थ नाही. वर्षाचे पोट त्या तीन महिन्यांवर असते.

माझ्यापुरता मी एक बदल केला आहे. माझ्या केसपेपरवर लसीकरणाच्या रकान्याखाली आता आणखी एक ओळ छापलेली आहे : "गेल्या महिन्यात कोठे होता? तेथील जनावरे कशी होती?" ती ओळ त्या मातेने शिकविलेली आहे.