प्रचक्र फिरविण्यास किती शक्ती लागते?

अमुक वजनाचे प्रचक्र मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या वेगाने फिरवावयाचे आहे; त्यास किती शक्ती लागेल? हा प्रश्न अपुरा आहे. चक्राने तो वेग किती वेळात गाठावयाचा, हे कळल्यावाचून त्याचे उत्तर देता येत नाही. चक्रात साठते ती ऊर्जा; ती साठविण्याचा दर म्हणजे शक्ती.

स्वित्झर्लंडमधील इव्हेर्दाँ येथे १९५३ साली सुरू झालेल्या जायरोबसचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. या बसला रूळ नव्हते, मार्गावर विजेच्या तारा नव्हत्या आणि इंधनावर चालणारे एंजिनही नव्हते. तिच्यात सुमारे १.५ टन वजनाचे व १.६ मीटर व्यासाचे पोलादी प्रचक्र बसविलेले असे. थांब्यावर बाहेरून वीज घेऊन मोटर ते चक्र फिरवी; पुढे तीच मोटर जनित्राचे काम करी आणि साठलेल्या ऊर्जेवर बस धावे.

चक्र सर्वत्र सारख्या जाडीचे मानले, तर वस्तुमान व त्रिज्येचा वर्ग यांच्या गुणाकाराची निमपट, म्हणजे ४८० किलोग्रॅम-वर्ग मीटर, हे त्याचे निरूढी परिबल होय. मिनिटाला ३,००० फेरे म्हणजे सेकंदाला ३१४ रेडियन इतका कोनीय वेग. निरूढी परिबलास या वेगाच्या वर्गाने गुणून निमपट केली, की गतिज ऊर्जा मिळते. ती सुमारे २ कोटी ३७ लाख जूल, म्हणजे साडेसहा युनिटांहून किंचित अधिक भरते.

स्थिर चक्राला हा वेग १० मिनिटांत द्यावयाचा, तर सरासरी ३९.५ किलोवॉट शक्ती लागेल. मात्र फिरविणारा जोर कायम ठेवल्यास वेगाबरोबर शक्तीही वाढत जाते आणि अखेरीस ती सरासरीच्या दुप्पट होते. मोटर निवडताना सरासरीवर विसंबणे म्हणूनच चुकीचे ठरते.

बस थांब्यावर येताना फेरे २,१०० वर उतरले असतील, तर जवळजवळ निम्मी ऊर्जा खर्च झालेली असते. ती २ मिनिटांत भरून काढण्यास सुमारे १०० किलोवॉट लागतात, तर अर्ध्या मिनिटात भरण्यास ४००. घर्षण, हवेचा विरोध व मोटरीतील क्षय यांची भर निराळीच. एकदा वेग गाठला, की केवळ हा क्षय भरून काढणे पुरेसे असते.

घर्षणावर मात करू शकणारी लहान मोटरही जड चक्राला हळूहळू वेग देऊ शकते. परंतु थांब्यावरील प्रवाशांना तेवढी सवड नसते. चक्राचा आकार बस किती दूर जाईल हे ठरवितो. मोटरीची शक्ती प्रवाशांना किती वेळ तिष्ठावे लागेल हे ठरविते. इव्हेर्दाँची ही सेवा १९६० साली बंद झाली. तिच्या चक्राने शिकविलेला हा हिशेब मात्र प्रत्येक प्रचक्राला लागू पडतो.