किडनीचा आजार झाला म्हणून डाळ बंद केली? आधी हे वाचा

गावात कुणाचं क्रिएटिनिन वाढलं की डॉक्टरांच्या आधी शेजारपाजारचेच पथ्य सांगतात. 'डाळ बंद करा, दूध-अंडी सोडा, नुसता भात खा.' माणूस घाबरून सगळं सोडतो आणि दोन महिन्यांत अंगावरचे कपडे ढिले होतात. दुसरीकडे कुणी अशक्तपणा आला म्हणून प्रोटीन पावडरचा डबा आणतो. दोन्हीत नुकसान पेशंटचंच. किडनीच्या आजारात प्रथिनं बंद करायची नसतात, मोजून खायची असतात. आणि डायलिसिस सुरू झालं की हे माप बदलतं, हे बऱ्याच घरांत माहीतच नसतं.

रक्तात घाण साठते कशी?

डाळ, दूध, अंडी, मटण यातून प्रथिनं मिळतात. शरीर त्यातून स्नायू भरतं, झीज भरून काढतं. पण जादा झालेली प्रथिनं चरबीसारखी साठवून ठेवता येत नाहीत. ती मोडली जातात आणि त्यातल्या नत्राचा यकृतात युरिया तयार होतो. आपण पिकाला टाकतो तोच हा युरिया. निरोगी किडनी तो लघवीवाटे बाहेर टाकते. किडनी निकामी होत गेली की तो रक्तातच राहतो.

साठतो तो एकटा युरिया नाही. आतड्यातले जंतू प्रथिनांपासून आणखी काही विषारी पदार्थ तयार करतात, तेही रक्तात उतरतात. बद्धकोष्ठ असेल तर हा त्रास वाढतो. शिवाय आम्ल, फॉस्फरस आणि पोटॅशियमही साचतं. मग तोंडाची चव जाते, मळमळतं, अंगाला खाज सुटते, झोप लागत नाही, पायावर सूज येते, दिवसभर सुस्ती राहते.

रिपोर्टमधलं क्रिएटिनिन मुख्यतः आपल्याच स्नायूंतून येतं. ते किडनीचं काम किती चाललंय हे दाखवणारा काटा आहे. जेवण सोडून स्नायू झिजले तरी क्रिएटिनिन थोडं कमी दिसू शकतं. त्याला सुधारणा समजू नये.

डायलिसिस नसताना किती?

आजार पुढे गेलेला आहे, पण डायलिसिस लागलेलं नाही, अशा मोठ्या माणसाला साधारणपणे वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.६ ते ०.८ ग्रॅम प्रथिनं सांगतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३६ ते ४८ ग्रॅम. शुगर असेल, वजन फार घटलं असेल तर डॉक्टर आकडा बदलतात.

आता ताटात बघू. ५० ग्रॅम पिठाची ज्वारीची एक भाकरी म्हणजे सुमारे ५ ग्रॅम प्रथिनं. चार भाकरी खाणाऱ्याला २० ग्रॅम भाकरीतूनच मिळाली. ३० ग्रॅम कच्ची तूरडाळ शिजवली तर ६ ते ७ ग्रॅम, एक अंडं ६ ग्रॅम, २०० मिली दूध ६ ते ७ ग्रॅम, मूठभर शेंगदाणे ७ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे डाळ बंद करायची गरज नाही. पण डाळ, अंडं, दूध आणि शेंगदाण्याची चटणी हे सगळं एकाच दिवशी भरपूर नको.

सगळ्यात महत्त्वाचं, पोट भरलं पाहिजे. भाकरी, भात, तेल यातून ताकद मिळाली नाही तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून खातं. सरपण संपलं म्हणून घराचे वासे काढून चुलीत घालण्यातला प्रकार. त्या मोडण्यातूनही युरियाच तयार होतो. म्हणजे उपाशी राहून घाण कमी होत नाही.

डायलिसिस सुरू झाल्यावर

इथं गणित उलटं होतं. मशीन रक्तातली घाण काढतं, पण त्याबरोबर प्रथिनांचे कामाचे घटकही निघून जातात. म्हणून आता दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम लागतात. पोटातून करायच्या डायलिसिसमध्येही प्रथिनं बाहेर जातात.

चूक इथंच होते. जुन्या पथ्याचा कागद भिंतीला तसाच चिकटवलेला असतो आणि पेशंट अर्ध्या प्रथिनांवर दिवस काढतो. स्नायू झिजतात, जखम भरत नाही, जंतुसंसर्ग लवकर होतो. अंड्याचा पांढरा भाग अशा वेळी चांगला, त्यात प्रथिनं भरपूर आणि फॉस्फरस कमी असतो.

पण 'मशीन चालू आहे, आता काहीही खा' असंही नाही. मीठ, पाणी, पोटॅशियम, फॉस्फरस यांचं पथ्य बहुतेकांना चालूच राहतं.

या गोष्टी सांभाळा

• कमी सोडियमचं म्हणून मिळणाऱ्या मिठात बहुधा पोटॅशियम असतं. डॉक्टरांना न विचारता वापरू नका.
• पोटॅशियम वाढलेलं असेल तर नारळपाणी, केळी, बटाटा, रताळं जपून. उपवासाच्या दिवशी नेमकं हेच जास्त खाल्लं जातं. भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकलं तर पोटॅशियम कमी होतं.
• कमरख हे फळ किडनीच्या पेशंटने अजिबात खाऊ नये. त्यातल्या विषाचा मेंदूवर परिणाम होतो.
• अंगदुखीच्या गोळ्या आणि कुणी दिलेलं भस्म स्वतःच्या मनाने घेऊ नका.
• दम लागणं, लघवी बंद होणं, गुंगी येणं, छातीत धडधड किंवा अचानक हातपाय गळणं, यात घरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

पुढच्या तपासणीला जाताना रिपोर्ट सोबत घ्या आणि डॉक्टरांना सरळ विचारा, 'माझ्या वजनाला दिवसाला किती ग्रॅम प्रथिनं?' आकडा कागदावर लिहून घ्या. स्वयंपाक करणारं माणूस सोबत असेल तर उत्तम. डायलिसिस सुरू झालं की हाच प्रश्न पुन्हा विचारा आणि भिंतीवरचा जुना कागद काढून टाका. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटलं तर लागणाऱ्या कागदपत्रांची माहिती मिळते.