गॅसचा वास आला, तर कधी कळवायचं?

‘टाकी संपत आली असेल.’ स्वयंपाकघरात गॅसचा वास आला की यवतमाळ जिल्ह्यात वणीपासून उमरखेडपर्यंत कुठल्याही घरात पहिलं वाक्य बहुतेक हेच निघतं. ते पूर्ण खोटं नाही, आणि त्यामुळेच ते फसवतं.

सिलिंडरमधला गॅस म्हणजे दाबाखाली द्रव झालेले प्रोपेन आणि ब्युटेन. या दोघांना स्वतःचा असा ओळखता येणारा वास नसतो. कुजलेल्या कांद्या-कोबीसारखा जो उग्र वास येतो, तो मुद्दाम मिसळलेल्या इथिल मरकॅप्टनचा. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतं, ब्युटेन शून्याच्या जवळपास, मरकॅप्टन मात्र ३५ अंशांना. म्हणून गॅस वापरला जातो तसतसा तो आधी निघून जातो आणि मरकॅप्टन तळाच्या द्रवात मागे उरत जातं. टाकी संपायला आली की उरलेल्या गॅसला जास्त वास असतो, तो यामुळे. पण तो गॅस शेगडीवर नीट जळला, तर वासाचं द्रव्यही त्याच्यासोबत जळून जातं. नाकापर्यंत वास पोचला, याचा अर्थ गॅस न जळता कुठून तरी बाहेर पडला. टाकी संपत आल्यामुळे वास वाढला असेल, पण वास आला तो गळतीमुळे. महिनाभर नळीच्या तोंडाशी थोडी थोडी होत असलेली गळती शेवटच्या आठवड्यात नाकाला कळते आणि आपण ती टाकीच्या नावावर खपवतो.

गॅसला वास देण्याची सक्ती एका मोठ्या दुर्घटनेतून आली. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात न्यू लंडन या गावच्या शाळेत जमिनीखालच्या पोकळीत नैसर्गिक वायू साचला होता. त्याला वास नव्हता, म्हणून कुणालाच कळलं नाही. स्फोटात तीनशेच्या आसपास माणसं गेली, त्यात बहुतेक मुलं होती. त्यानंतर वायूत वास मिसळणं कायद्यानं बंधनकारक होत गेलं. आपल्याकडचं मानक सांगतं, की हवेतला गॅस पेट घेण्याजोगा होतो त्या प्रमाणाच्या एकपंचमांश असतानाच नाकाला कळला पाहिजे. हवेत साधारण २ टक्के गॅस झाला की तो ठिणगीनं पेटू शकतो, म्हणजे ०.४ टक्क्याच्या आसपास वास यायला हवा. त्या दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजे आपल्या हाती असलेला वेळ. तो शंका-कुशंकांत घालवण्यासाठी दिलेला नाही.

हा वेळ किती, याचा ढोबळ हिशेब मांडता येतो. दहा बाय दहा फुटांचं, दहा फूट उंचीचं स्वयंपाकघर धरू. गॅस सगळीकडे सारखा पसरला, तर पेटण्याच्या प्रमाणापर्यंत यायला एक किलोहून थोडा जास्त गॅस लागेल. पण तो सारखा पसरत नाही. हवेपेक्षा जवळजवळ दुपटीनं जड असल्यानं तो खाली बसतो. जमिनीलगतच्या एक फूट थरात पेटण्याइतका गॅस भरायला सव्वाशे ग्रॅमही पुरतात. मोठा बर्नर तासाला दीडशे ग्रॅमच्या आसपास गॅस सोडतो. म्हणजे बटण चालू राहून ज्योत विझलेली असेल, तर पाऊण-एक तासात पायाशी पेटता थर तयार होऊ शकतो, आणि उभ्या माणसाच्या नाकाशी तेव्हा वास बेताचाच असेल. म्हणून शंका आली की खाली वाकून, जमिनीजवळ वास घ्यावा.

आपल्या जिल्ह्यातल्या घरांत हे खाली बसणं फार महत्त्वाचं आहे. गॅस आला तरी चूल गेलेली नाही. सरपणाला कापसाची पऱ्हाटी घरचीच, फुकटची. भाकरी चुलीवर, चहा गॅसवर, ही वाटणी गावोगाव दिसते. शेगडी ओट्यावर असते, पण चूल जमिनीवर असते, म्हणजे गॅस जिथे साचतो नेमकी तिथेच. राखेखाली धुमसणारा निखारा वरून विझलेला दिसतो. आणखी एक गोष्ट माझ्या मते पुरेशी बोलली जात नाही. अंघोळीच्या पाण्याची चूल पुष्कळदा मागच्या दाराबाहेर असते. गॅसचा वास आला म्हणून मागचं दार उघडलं, तर उंबऱ्यावरून वाहत जाणारा गॅस थेट त्या चुलीकडे निघतो. बाहेर चूल पेटलेली असेल तर दुसरं दार उघडायचं. दार उघडणं मात्र हवंच. छताजवळच्या झरोक्यातून हा गॅस जात नाही, तो दारातूनच बाहेर पडतो.

मग कापूस. भाव वाढेल या आशेनं शेतकरी वेचलेला कापूस घरातच रचून ठेवतो, कधी स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत, खिडकी झाकून जाईल इतका. अशा घरात वारा खेळत नाही, आणि ठिणगी पडलीच तर आग हातात राहत नाही. घरात कापूस असेल त्या महिन्यांत गॅसच्या वासाबाबत एरवीपेक्षा जास्त घाई करावी, असं मी आग्रहानं म्हणेन.

नाकावर किती विसंबायचं हाही प्रश्न आहेच. एकच वास काही मिनिटं घेत राहिलं की नाक त्याला सरावतं. आतल्या माणसाला ‘गेला वास’ असं वाटतं, तेव्हा बाहेरून आलेल्याला तो भपकन जाणवतो. म्हणून वास गेला का हे ठरवायचं, तर दहा मिनिटं बाहेर मोकळ्या हवेत जाऊन मग परत यावं, किंवा शेजारच्या कुणाला बोलवावं. वयानुसार नाक मंद होतं. सर्दीत ते चालत नाही. कोविडनंतर काहींची वासाची जाण पूर्ण परत आलेली नाही. तोंडात खर्रा असेल तर नाकात त्याचाच वास भरलेला असतो. नव्या किंवा आतून गंजलेल्या टाकीत मरकॅप्टनचा वास थोडा उतरूही शकतो. तेव्हा वास नसला, पण फुस्स असा आवाज येत असेल किंवा जोडाजवळ दव-बर्फ धरत असेल, तर तीही गळतीच समजायची.

उलट बाजूनं, दुसरेच वास गॅससारखे वाटतात. सडका कांदा, तुंबलेली मोरी, मेलेला उंदीर. वणीच्या खाणपट्ट्यात कोळशाच्या धुराचा गंधकी वास. आणि घरात ठेवलेली फवारणीची औषधं, ज्यांतल्या काहींचा वास लसणासारखा, मरकॅप्टनच्या फार जवळचा असतो. २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेनं या जिल्ह्यातले अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यामुळे ‘गॅस नाही, औषधाचा वास आहे’ हे वाक्य सुटकेचं समजू नये. औषध घरात सांडलं असेल तर तोही बाहेर पडण्याचाच प्रसंग. फरक ओळखण्याची साधी खूण अशी: गॅसचा वास टाकी, नळी, शेगडी यांच्याजवळ आणि जमिनीलगत वाढतो, मोरीचा मोरीपाशी. मात्र गॅस मोरीच्या नळीतही उतरून बसतो. म्हणून मोरीशी वास आला तरी टाकीचा संशय एकदम सोडू नये.

आता मुख्य प्रश्न, कळवायचं केव्हा. शेगडी पेटवताना काडी उशिरा लागली, दोन क्षण वास आला आणि गेला: कळवायची गरज नाही. दूध उतू जाऊन ज्योत विझली, लगेच बटण बंद केलं, दार उघडलं, वास निघून गेला आणि परत आला नाही: इथेही नाही. टाकी बदलताना रेग्युलेटर बसवतेवेळी क्षणभर फुस्स झालं तर तेही चालतं.

कारण दिसत नाही आणि वास आहे, मग तो कितीही हलका असो: कळवायचं. शेगडीची बटणं आणि रेग्युलेटर बंद करूनही वास टिकून आहे: लगेच कळवायचं. रोज सकाळी स्वयंपाकघराचं दार उघडताच थोडा वास येतो आणि मग जातो: हेही कळवायचं. याच प्रकाराकडे सर्वात जास्त दुर्लक्ष होतं. इथे एक उपयोगी पडताळा आहे. रात्री रेग्युलेटर बंद करून झोपा, तशी ती चांगली सवयच आहे. सकाळी वास आला नाही, तर गळती बहुधा नळीत किंवा शेगडीत. तरीही आला, तर ती टाकीच्या तोंडाशी, व्हॉल्व्हची किंवा त्यातल्या रबरी कड्याची, ज्याला मिस्त्री वायसर म्हणतात. ही माहिती फोनवर सांगितली की मिस्त्री योग्य सामान घेऊन येतो.

वास हलका असेल, दारं उघडी असतील आणि घरात कुठेही विस्तव नसेल, तर जोडांवर साबणाचा फेस लावून पाहता येतो. बुडबुडे फुगले तर गळती सापडली. फुगले नाहीत आणि वास मात्र आहे, तरी कळवायचंच, कारण शेगडीच्या आतली गळती फेसाला दिसत नाही. काडी पेटवून गळती शोधणारे लोक आजही आहेत. ते कधीही करू नये, कुणाला करूही देऊ नये.

वास भरपूर असेल, डोकं जड होत असेल, आवाज येत असेल, तर कुठलाही पडताळा करत बसायचं नाही. हात पोचत असेल तर जाता जाता रेग्युलेटर बंद करायचा, दार उघडायचं, लेकरं आणि म्हातारी माणसं घेऊन बाहेर पडायचं आणि फोन बाहेरून करायचा. विजेचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही नाही. ठिणगी दोन्ही वेळा पडते. उन्हाळ्यात चालू असलेला कूलर तसाच सोडायचा. मीटरचा मुख्य खटका घराबाहेर असेल तर तिथून वीज तोडावी. भारनियमनात वीज गेलेली असताना तर हे जास्तच गरजेचं, कारण वीज परत आली की फ्रिज आणि पंखे आपोआप सुरू होतात, तेव्हा घरात गॅस साचलेला असू शकतो. देवघर स्वयंपाकघरात असेल, तर हलक्या वासात आधी समई आणि उदबत्ती विझवावी.

फोन कुठे करायचा? १९०६. गॅसगळतीसाठीचा हा क्रमांक १ जानेवारी २०१६ पासून चोवीस तास चालू आहे. इंडेन, एचपी, भारत गॅस तिघांसाठी एकच. कंपनी, वितरकाचं नाव, ग्राहक क्रमांक आणि पत्ता हाताशी असला की काम लवकर होतं, पण कार्ड सापडत नाही म्हणून फोन थांबवू नका. तक्रार क्रमांक लिहून घ्या. आग लागली असेल किंवा लागण्याच्या बेतात असेल, तर १०१ किंवा ११२.

झरी जामणीतल्या एखाद्या पोडावर, म्हणजे आदिवासी वस्तीवर, किंवा महागावच्या आडवळणाच्या गावात तालुक्याहून मिस्त्री यायला वेळ लागणार, हे उघड आहे. तोवर वास हलका असेल तर रेग्युलेटर बंद करून काढावा आणि टाकीच्या गळ्याला दोरीनं बांधलेलं टोपण दाबून बसवावं. बहुतेक वेळा गळती तिथेच थांबते. टाकी उचलणं सुरक्षित वाटलं तर ती उभीच ठेवून मोकळ्या अंगणात न्यावी, चुलीपासून, गोठ्यापासून, विहिरीपासून लांब. आडवी करू नये. द्रव बाहेर पडला तर तो अडीचशेपट पसरतो. हे टोपण पुष्कळ घरांत तोडून फेकलेलं असतं. आजच आपल्या टाकीला ते आहे का पाहा.

फोन न करण्याचं खरं कारण अज्ञान नसतं, संकोच असतो. ‘मिस्त्री आला आणि काहीच निघालं नाही तर?’ १९ सप्टेंबर २०१९ च्या रात्री मुंबईच्या चेंबूर, घाटकोपर, पवई, अंधेरी अशा अनेक भागांतून गॅसच्या वासाच्या तक्रारींचा ओघ लागला. अग्निशमन दलाच्या गाड्या धावल्या, महानगर गॅस कंपनीनं वाहिन्या तपासल्या, आणि त्यांच्या वाहिनीत गळती आढळली नाही. तरी त्या रात्री फोन करणाऱ्यांपैकी कुणीही चुकलं नव्हतं. गळती आहे की नाही हे ठरवणं त्यांचं काम नव्हतंच. वास येतोय, एवढं सांगणं त्यांचं काम होतं.

दुसरा अडसर घरातल्या मानपानाचा. दिवसभर स्वयंपाकघरात बाई असते, वास पहिल्यांदा तिलाच येतो, आणि ‘हे वावरातून आले की सांगते’ म्हणून दोन-चार तास जातात. सासूबाईंना वास येत नाही म्हणून सुनेचा वास खोटा ठरतो. ज्या नाकाला वास आला त्याच माणसानं फोन करावा, कुणाची परवानगी न घेता. १९०६ हा आकडा शेगडीजवळच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवा, ग्राहक क्रमांकासह, म्हणजे शाळेत जाणारी मुलगीही शेजारच्या फोनवरून लावू शकेल.

मिस्त्री आला की त्याला वायसरबरोबर नळीही पाहायला सांगा. जाळी घातलेली केशरी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते, आणि ती दीड मीटरपेक्षा लांब नसावी. उंदरानं कुरतडलेल्या जागेला चिकटपट्टी चालत नाही. गळकी टाकी बदलून आली, की घेताना गाडीजवळच टोपण काढून व्हॉल्व्ह तपासायला लावा.